मगाला 'येतो' सांगणारा नाईक

आमची चौकी बारा महिने बर्फात होती. मी अनसिंग गावचा, घरातला पहिला पदवीधर. बी.ए. मी फौजेत राहूनच केलं. त्या उपकाराबद्दल तक्रार नाही. पण पदवीमुळे रेडिओ सेट माझ्या गळ्यात पडला आणि सेटबरोबर नाईक सुधाकर.

सुधाकर माझ्याच जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा. पेट्रोलला, म्हणजे गस्तीला निघायचं, दोर बांधलेले, जवान बाहेर कुडकुडत उभे. हा आत चहा संपवणार, स्टीलचा मग बर्फाने घासणार, खिळ्याला अडकवणार आणि त्याला सांगणार, "येतो."

"सुधाकर! मगाले काहून सांगून राह्यला?"

"त्याले वाट पाहाची सवय आहे, भाऊ. न सांगता गेलं तं चहा गोड लागत नाही."

हे रोजचं. मी रोज चिडायचो.

सेटवर तर कहरच. एकदा खालच्या टप्प्यावरून म्हणाला, "आता हूँ सर, ओव्हर." कॅप्टन साहेबांनी पेट्रोल परत येतंय असं धरलं. प्रत्यक्षात ते पुढच्या टप्प्याला निघाले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही वाट पाहिली, शोध तुकडी तयार झाली, बोलणी मी खाल्ली. परतल्यावर त्याला धरलं.

"पुढे निघाला तं 'जाता हूँ' म्हनत जा ना बे!"

"जातो कसं म्हनू? घरून निघतांनी कोनी जातो म्हनते काय?"

"हे घर आहे काय?"

त्याने खिळ्यावरच्या मगाकडे पाहिलं. "मंग काय आहे?"

तो सुधारला नाही.

पुढे एके दिवशी पेट्रोल परतीच्या वाटेवर असताना शिपाई रामसिंग बर्फाच्या भेगेत पडला. बचाव तुकडी आम्ही लगेच पाठवली, पण वारा सुटला होता. सेटवर सुधाकर होता.

"रामसिंग नीचे दिख रहा है सर. बोल रहा है. ओव्हर."

साहेबांनी सेट घेतला. "टीम निकल चुकी है. इंतज़ार करो. ओव्हर."

"तब तक जम जाएगा सर. रस्सी बांध ली है. आता हूँ."

साहेबांचा चेहरा सैल झाला. "रामसिंग को बांध लिया. लौट रहे हैं. चाय चढ़ाओ."

"नहीं सर," मी म्हणालो. "वो जा रहा है."

साहेब सेटवर ओरडले. उत्तर आलं नाही.

सुधाकरने खाली उतरून आपलाच दोर रामसिंगला बांधला. वरच्यांनी त्याला ओढून काढलं. सुधाकरसाठी दोर सोडत असतानाच भेगेची कड त्याच्यावर ढासळली. रामसिंग वाचला. आज त्याला दोन मुली आहेत.

सुधाकरच्या सामानाबरोबर त्याचा मगही घरी गेला. मी निवृत्त झालो तरी त्याच्या स्मृतिदिनाला शेलूबाजारला जातो. चौकातल्या फलकावर नाव आहे : नाईक सुधाकर. हार घालतो, सलाम करतो आणि तिथून त्याच्या घरी.

यंदा त्याची माय म्हणाली, "येतो म्हनून गेला. खोटं बोलाची सवय नव्हती त्याले."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. "हवालदार साहेब, सवाऱ्या खोळंबल्या ना! कायले उशीर करता?"

मायला नमस्कार केला. तोच स्टीलचा मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिळ्याला होता. हॉर्न पुन्हा वाजला.

मी थांबलो. मगाला म्हटलं, "येतो."