मुलुंडच्या खाटेवरून जुहूच्या पाण्यात

आधी माझी चूक सांगतो. आई गेल्यावर बाबांना मी जुहूच्या कोळीवाड्यातून मुलुंडच्या फ्लॅटवर आणलं आणि त्यांची होडी त्यांना न विचारता विकली. "किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहे, बरे झालात की जाऊ," असं दोन वर्षं सांगत राहिलो. आता बाबा बरे होणार नाहीत. कॅन्सर हाडांत उतरलाय.

ते आता मुलुंडच्याच एका केंद्रात आहेत. तिथे आजार बरा करत नाहीत, वेदना कमी करतात. तिथल्या समुपदेशक अस्मिताताई भांडुपहून येतात. त्यांच्याकडे डोळ्यांवर बांधायचा एक जाड चष्मा आहे. घातला की चारही बाजूंना दुसरीच जागा दिसते.

"हे औषध नाही हं, सर," त्या म्हणाल्या. "दुखणं राहतंच. पण माणूस दहा मिनिटं खाटेबाहेर जाऊन येतो."

पहिल्यांदा बाबांना कुठल्याशा बेटाजवळचा निळाशार समुद्र दाखवला.

"ह्यो दर्या नाय, शरबत हाय," बाबा म्हणाले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही हसले.

म्हणून बाबांचा खरा दर्या टिपायला, चष्म्यासाठी चित्रण करणारा अस्मिताताईंचा कॅमेरा घेऊन मी रिक्षाने जुहूला गेलो. ओहोटी होती. वाळूत कॅमेरा रोवला, तो चहूकडचं टिपत होता तोवर भेळ खाल्ली आणि काम झाल्याच्या समाधानात परतलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चष्मा लावला. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली, मग पार मागे. फोटो असता तर मी होडीची रिकामी जागा वगळली असती. दोन वर्षं तसेच फोटो दाखवत होतो. चष्म्यात मात्र माणूस हवं तिथे बघतो.

"माजी होरी (होडी) कुठं हाय रं?"

"पलीकडे आहे, बाबा."

"पलीकडं कुठं? सगला किनारा बगितला मी."

त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अस्मिताताईंनी मला बाहेर गाठलं. "होडी नाहीच आहे ना?"

मी मान खाली घातली.

"मग आजोबांना फसवायला मी चष्मा देणार नाही. खरं दाखवणार असाल तर कॅमेरा न्या. आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, नाहीतर त्यांना पडल्यासारखं वाटेल."

मी कॅमेरा घेतला. त्याच होडीत बसायचं, दाखवायचं आणि सांगायचं, हे ठरलं.

होडी विकत घेतली होती बाबांचे जुने साथीदार हरीकाका यांनी. ते किनाऱ्यावर जाळं आवरत होते.

"काय साहेब, वाट चुकलास?"

"काका, मला पाण्यात न्या."

"तुला? बाप बोलवायचा तवा कवा आला नाय. ओकशील."

ओकलो, दोनदा. काकांनी डब्यातलं बोंबलाचं कालवण पुढे केलं, तेही मला बघवेना. पण बाबा बसायचे तिथेच, सुकाणाशी, मी कॅमेरा घट्ट बांधला होता.

पाण्यावरून किनारा मी पहिल्यांदाच पाहत होतो. मोठमोठी हॉटेलं काड्यापेटीएवढी दिसत होती. दोन टॉवरांच्या फटीत देवळाचा कळस दिसला आणि काकांनी सुकाण फिरवलं.

"तुज्या बापाची खूण. कलस दिसला का वलायचं. नायतर खाली खडक."

परतीच्या रिक्षात अंगाला मासळीचा वास येत होता. लहानपणी याच वासाची लाज वाटून मी घासून अंघोळ करून शाळेत जायचो. जुहू ते मुलुंड फार तर दोन तासांचं अंतर. तेवढं मी बाबांना दोन वर्षं ओलांडू दिलं नव्हतं.

तसाच, कपडे न बदलता, खाटेशी गेलो. बाबांना चष्मा लावला. त्यांना दिसत होतं तेच मी अस्मिताताईंच्या फोनवर पाहत होतो. बाबांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि सुकाण धरल्यासारखी हवेत मूठ आवळली. फटीत कळस आला.

"वलव," ते म्हणाले, आणि होडी वळली.

मग मान खाली, फळ्यांकडे गेली. "हिरवी व्हती. निला रंग हरीनं मारला?"

"हो."

"मंजे आता त्याची हाय."

मूठ तशीच आवळलेली होती. मी ती दोन्ही हातांत धरली आणि शाळेत टाकून दिलेल्या आमच्या बोलीत म्हणालो, "बाबा, मीच इकली. तुला इचारलं नाय, वर खोटं बोललो. माजं चुकलं."