फलाटावर राहिलेल्या चपला

देव आहे की नाही यावर मी कधी कुणाशी भांडले नाही. मला तेवढी फुरसतच नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. नेवाशाजवळच्या प्रवरेकाठच्या खेड्यात आमची शेती आहे. तिथून निघून मी पुण्यात मेट्रोच्या एका स्टेशनवर स्टेशन कंट्रोलर झाले. गाडी कुठवर आली, वीज गेली तर काय करायचं, फलाटावर कुणी चक्कर येऊन पडलं तर कुणाला कळवायचं, या सगळ्याला आमच्याकडे नियम आहेत, आणि ते मला झोपेत विचारले तरी सांगता येतात. त्यामुळेच असेल, पण आईचं ते "देवावर सोड" ऐकलं की मला राग यायचा. काम टाळायची ही एक सोय आहे, असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यानं तिला समोर माणूस उभा आहे एवढं दिसायचं, चेहरा ओळखू यायचा नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला बोलावलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दीत नेऊ नका, धक्का लागू देऊ नका, डोळा बिघडला तर पुन्हा हाती येणार नाही. खरं तर रिक्षानं जायचं. पण आईला माझी मेट्रो दाखवायची हौस मलाच. दुपारी गर्दी नसते, बसायला जागा मिळते, हे मला माहीत होतं.

रस्त्यानं जाताना वरच्या पुलाचे खांब तिला अंधूक दिसत होते. म्हणाली, "केवढं खांब गं हे! आपल्या माउलीला ज्ञानेश्वरी सांगताना एक खांब पुरला टेकायला."

"त्या खांबावरून गाडी नव्हती चालवायची, आई."

"चालली की. इतकी वर्सं झाली, अजून चाललीय."

मी तिला लिफ्टनं वर नेलं. हे घराजवळचं स्टेशन, माझ्या ड्युटीचं नव्हे. फलाटाची फरशी अशी चकचकीत की तिनं वाकून हात लावून पाहिला. तेवढ्यात गाडी आली, दरवाजे उघडले. आई माझा हात सोडून पुढे झाली आणि नीट आत शिरली. मी कौतुकानं तिच्या मागे पाऊल उचललं, तर पायात काहीतरी आलं. खाली पाहते तर तिच्या चपला. दाराबाहेर, एकाला एक लावून, देवळाच्या पायरीशी काढतात तशा काढून ठेवलेल्या. एवढ्या स्वच्छ जागेत पायताण घालून कसं जायचं, असं तिला वाटलं असणार.

मला हसू आलं. चपला उचलायला मी वाकले आणि दरवाजे मिटले.

दरवाजे मिटायच्या आधी घंटी वाजते. ती घंटी लोकांनी ऐकावी म्हणून मी रोज घसा कोरडा करते, आणि त्या दिवशी मलाच ऐकू आली नाही. काचेतून आईची पाठ दिसली. ती डब्यात पुढे चालत होती. तिला वाटत होतं मी मागेच आहे. तिचा मोबाईल, औषधं, दवाखान्याची फाईल, सगळं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत.

चपला तिथंच टाकून मी कंट्रोल रूमकडे पळाले. तिथले साहेब ओळखीचे. त्यांनी लगेच पुढच्या स्टेशनला कळवलं, गाडीच्या चालकाला कळवलं. चालकानं गाडीत आईचं नाव पुकारलं, आधार कार्डावर आहे तसं, आडनावासकट, द्वारकाबाई म्हणून. पुढच्या स्टेशनवर माणसं दाराशी उभी राहिली. मी वर्णन सांगितलं होतं, डोळ्याला पट्टी, पाय अनवाणी, एकटी, गोंधळलेली म्हातारी. निरोप आला, अशी कुणी दिसत नाही. त्याच्या पुढच्या स्टेशनवरूनही तोच निरोप. मग गाडी शेवटच्या स्टेशनला पोचली, पूर्ण रिकामी झाली, आणि आई त्यात नव्हती.

शेवटच्या स्टेशनवर नाही म्हणजे मधेच कुठेतरी उतरली. जिना चढणं वेगळं आणि अर्ध्या डोळ्यानं उतरणं वेगळं. रस्त्यावर गेली तर? धक्का लागला तर? साहेब म्हणाले, "मॅडम, आम्ही कॅमेरे बघतोय. तुम्ही पुढच्या गाडीनं जा, एकेक स्टेशन बघत." मलाही तेच बरोबर वाटलं. मी फलाटावर आले. गाडी येतच होती.

तिथं सुरक्षारक्षक आईच्या चपलांजवळ उभा होता. गावाकडून आलेला, मिशीवाला, पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "ह्या तुमच्याच का? उचलाव्या लागतील. बेवारस वस्तू फलाटावर ठेवता येत नाही."

हा नियम. माझ्या स्टेशनवर हा हुकूम मीच देते.

"माझ्या आईच्या आहेत हो," मी म्हणाले. "आई हरवलीय माझी."

त्यानं चपलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग असं करा ताई, तुम्ही शेजारी बसा. शेजारी माणूस बसलं म्हणजे बेवारस नाही."

गाडी आली. दरवाजे उघडले. मी एक पाय उचलला होता, हे मला चांगलं आठवतं. आणि का ते आजही सांगता येत नाही, मी तो मागे घेतला आणि चपलांशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. गाडी निघून गेली.

बसल्यावर मला नेवाशाच्या मोहिनीराजाची जत्रा आठवली. लहानपणी आम्ही भावंडं आईच्या पदराला धरून जायचो. देवळाच्या बाहेर चपला काढताना ती दरवर्षी तेच सांगायची, "चुकामूक झाली तर रडायचं न्हाई, हुडकत फिरायचं न्हाई. जिथं चपला काढल्या तिथं येऊन बसायचं. मी तिथंच येनार." कुणी हरवलं की ती यायचीच. कधी लवकर, कधी आम्ही रडून थकल्यावर, पण यायची.

कंट्रोल रूमला सांगून झालं होतं, कॅमेरे बघणं चालू होतं. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हात जोडले. मंत्र वगैरे काही म्हटला नाही, मला येतही नाही. एवढंच म्हटलं, मी इथं बसलेय, बाकी तू बघ. अशी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. लोक बाजूनं जात होते, बघत होते. जिथं नोकरी करते त्याच मेट्रोच्या फलाटावर मी जमिनीवर बसले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. भीती गेली नव्हती, पण तिच्या खाली कुठेतरी शांत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. समोरच्या फलाटावर उलट दिशेची गाडी येऊन गेली, आणि ती गेल्यावर रुळांच्या पलीकडून एक बाई ओरडली, "मावशी, त्या बघा चपला! आन् शेजारी कोन बसलंय बघा!"

तिच्या दंडाला धरून आई उभी होती. अनवाणी, पट्टी जागच्या जागी.

मी जिना कसा उतरले आणि कसा चढले ते आठवत नाही. आईला मिठी मारली तर ती म्हणाली, "अगं हळू, डोळा!"

त्या बाईचं नाव मंदा. पाथर्डीकडची, एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. आईच्या शेजारी बसली होती. बऱ्याच वेळानं आईनं मला हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा आई तिला म्हणाली, "लेकरा, माझी पोर मागं ऱ्हायली, चपला बी ऱ्हायल्या. मला चपलांपाशी न्हेऊन सोड." गावाकडचं बोलणं कानावर पडलं आणि मंदा उठली. पण कोणतं स्टेशन ते आईला सांगता येईना. मग या दोघी उलट्या गाडीनं निघाल्या. प्रत्येक स्टेशनला उतरायचं, समोरच्या फलाटावर चपला दिसतात का बघायचं, आणि नाही दिसल्या की पुढची गाडी धरायची.

"मी म्हनलं हापिसात सांगू," मंदा म्हणाली, "तर मावशी ऐकतील तर शपथ. म्हने, लेकीची नोकरी हाय हितं, बोभाटा नको."

म्हणजे गणवेशातलं माणूस दिसलं की या दोघी तोंड फिरवून पुढे जात होत्या. आणि आमची माणसं एकटी, गोंधळलेली म्हातारी शोधत होती. ती एकटी नव्हती आणि गोंधळलेली तर अजिबात नव्हती.

"गाडीत तुझं नाव पुकारलं, ते ऐकलं नाहीस का?" मी विचारलं.

"ऐकलं की. म्हनलं, माझ्याच नावाची कोनतरी बिचारी हरवलीय. सापडली का गं ती?"

मंदा पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता रडले. आई मात्र मनापासून विचारत होती. तिच्या हिशेबानं ती हरवलीच नव्हती. तिला कुठं यायचं ते ठाऊक होतं, वाट दुसऱ्या कुणाला तरी माहीत असेल एवढाच प्रश्न होता.

मंदाला कामावर उशीर झाला होता. काही घेईना. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ते तिनं आनंदानं घेतलं. म्हणाली, "माझी आय तुमच्याच शिवारात ऊस तोडायला यायची मावशी. तुमच्या विहिरीचं पानी पिऊन मोठी झालेय मी." ते आमचंच शेत का दुसऱ्या कुणाचं, मी विचारलं नाही.

दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, डोळा छान आहे. आईनं सगळ्यात आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाळलीस गं."

मी या घटनेला चमत्कार म्हणत नाही. मंदा माणूस होती, रक्षक माणूस होता, गाड्या वेळेवर धावत होत्या. पण मी त्या गाडीत चढले असते, तर रक्षकानं चपला उचलल्या असत्या, आणि त्या दोघी या स्टेशनवरून तशाच पुढे गेल्या असत्या. माझा पाय कुणी मागे घेतला, हे मला माहीत नाही. माहीत नाही असं कबूल करायला मला इतकी वर्षं आणि एक पदवी लागली.

आता माझ्या स्टेशनवर कुणाची चुकामूक झाली, तर मी आधी नियमानं सगळीकडे कळवते. त्यात कसूर करत नाही. मग रडणाऱ्या माणसाला फलाटावर बसवते आणि काम नसेल तर शेजारी बसते.

त्या संध्याकाळी घरी भाकरी खाताना मी आईला विचारलं, "तू भ्याली नाहीस का गं?"

"भ्याले की," ती म्हणाली. "पर भीत भीत बी जपता येतं त्याचं नाव. त्याला चालतं."