दोर सांभाळणारा मल्लू

दुकानात फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होतो. पलीकडून क्लबचा मॅनेजर बोलत होता. मल्लिनाथ घसरला, बोट आणि धक्क्याच्या मधे सापडला, तुम्ही या... एवढंच. आमच्या गावच्या, माकणीच्या धरणात माझ्याबरोबर पोहत वाढलेला माझा मित्र, त्याला पाणी काय करणार, असंच आधी मनात आलं. पण पाण्यानं काही केलंच नव्हतं. तो मधे चिरडला गेला होता.

पणजीला त्याला मीच आणलं. तिथं नदीवर तरंगते बार आणि नाचगाण्याचे क्लब उभे असतात. त्यातल्या एकावर भरती-ओहोटी बघून दोर सैल-घट्ट करायचं काम होतं. आपलं धरण वर्षातनं एकदा भरतं, हितं रोज दोनदा भरतंय, म्हणून पहिले काही दिवस त्याला भारी गंमत वाटायची. घरी मात्र प्रवासी लाँचवर आहे असं सांगायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. लिंगायताचं घर, त्याची आई, आमची काकू, दारूचं नावही काढू न देणारी. उगाच डोक्याला ताप नको, म्हटलं. मल्लूला ते पटलं नव्हतं, पण माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. त्यानं आपल्यापुरती वाट काढली. गळ्यातलं इष्टलिंग जन्मभर उतरवायचं नसतं, पण हा कामावर निघताना ते चांदीच्या डबीसकट आमच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायचा आणि परतल्यावर आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालायचा. दारूच्या वासात त्याला न्यायचं नाही. देवाला नाक असतं का रे, म्हणून मी चिडवायचो. तो हसायचा नाही.

त्या दिवशीही ते कोनाड्यातच होतं, आणि त्याचा देह घेऊन गावाकडं निघायच्या गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नाही. माकणीत लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला दफनासाठी बसवलं तेव्हा गळा रिकामा. स्वामींनी दुसरं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. भावकीत कुजबुज झाली... पोरगा शहरात जाऊन बिघडला, लिंगसुद्धा टाकलं. काकूनंही तेच धरलं. मी शेजारी उभा होतो. खरं सांगितलं असतं तर मल्लूवरचा बोल गेला असता, पण तो माझ्यावर आला असता. म्हणून गप्प राहिलो. त्याची मला फार लाज वाटते.

महिन्याभरानं डबी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. काकूनं डबी कपाळाला लावली.

"दारूचं हाय म्हनून सांगितलं असतंस, तर म्या त्याला तवाच माघारी बोलावलं असतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी निघालो, तेव्हा तिनं विचारलं, त्याच्या जागी आता कोण आहे. नवा आलाय एक, विजापूरकडचा, मी म्हणालो.

"त्याच्या आईला ठाव हाय का?"

रोज कामावर जाताना पुलावरून ती बोट दिसते, दोरापाशी वाकलेला तो नवा माणूसही दिसतो. अजून मी त्याला विचारलेलं नाही.