पांजूहून निघालेली हळद

खाडीकाठच्या वरसाव्याच्या दत्तारामची ओळख मला त्याच्या बायकोमुळे झाली. अनसूयाबाई आमच्या मीरा रोडच्या सोसायटीच्या फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसायच्या. आम्ही गिरगावातून नवे आलो होतो. खाडीतले निवटे कसे साफ करायचे, हे माझ्या पत्नीला त्यांनीच शिकवलं. कधी रविवारी पाटी पोहोचवायला दत्ताराम यायचा. बुटका, रुंद बांध्याचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. हळू बोलणं त्याला जमतच नसे. त्याने "साहेब!" म्हणून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यासुद्धा उघडायच्या.

त्याला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक मुलगी सुगंधा आणि दुसरं होडीच्या मागे लावलेलं मशीन. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं, अशातलं ते मशीन. "आज खोकतंय", "आज खुशीत हाय", असं तो त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायचा. आणखी एक सोस म्हणजे रंगाचा. दरवाजा, पाण्याचं पिंप, सायकलचा कॅरिअर, जे जागेवर उभं राहील त्याला तो ऑइलपेंट लावायचा.

१९९२ च्या मे महिन्यात सुगंधाचं लग्न ठरलं. मुलगा पांजूचा, म्हणजे खाडीतल्या बेटावरचा. तिथे जायचं तर होडीनेच. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे आली की मगच नवरीला हळद लागते. दत्तारामच्या घरी आणखी एक गोष्ट कसोशीने पाळत. ही हळद एकदा निघाली की वाटेत खाली ठेवायची नाही आणि माघारी न्यायची नाही. माघारी गेली तर लग्नच मोडायच्या वाटेला लागलं, असं बायकांचं ठाम मत.

ही हळद खरं तर पांजूकरांनीच आणायची. पण दत्ताराम अडून बसला. "माझ्या मशीनवर येल ती! वारा नको, वल्हं नको!" मलाही त्याने बरोबर घेतलं.

दुपारी भरतीबरोबर आम्ही पांजूहून निघालो. होडीत आम्ही चौघं होतो. मुलाची थोरली बहीण मनोरमा हळदीची वाटी ओंजळीत धरून मधोमध बसली होती. शेजारी दत्तारामची आत्या चंपाबाई. ती लग्नातली गाणी म्हणणारी धवलारीण होती, आणि गाणं नसेल तेव्हा तिची जीभ टोमण्यांवर चालायची. होडी नवी गुलाबी, रॉकेलची टाकीही गुलाबी. लग्नघराचा उरलेला रंग दत्तारामने आदल्याच दिवशी कामी लावला होता.

रेल्वेचे पूल मागे पडले आणि मशीन अडखळायला लागलं. फट फट... फुस्स. होडी थरथरली, जोर कमी झाला आणि मशीन बंद पडलं.

दत्तारामने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. रॉकेल भरपूर होतं. झाकण घट्ट लावलं, टाकीतून मशीनला रॉकेल नेणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा दाबला, दोरी ओढली. मशीन खणखणीत चालू झालं.

"कचरा अडकलेला. गेला!" तो म्हणाला.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा तेच. आता त्याने मशीन उचलून पंखा बघितला. त्यावर जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला होता. "हाच चोर!" म्हणत त्याने धागा तोडला. रॉकेलात पाणी तर नाही ना, म्हणून झाकण उघडून वासही घेतला. मशीन चालू. चंपाबाईने गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मशीन पुन्हा गळाठलं.

"माजं गानं आवरत न्हाय वाटतं याला," चंपाबाई म्हणाली. आवरत म्हणजे आवडत; त्यांच्या बोलीत 'ड'चा बऱ्याचदा 'र' होतो.

तिसऱ्यांदा प्लग काढले. काळे पडले होते. बनियनने पुसून परत बसवले. रॉकेल संपत तर नाही ना, हे झाकण उघडून पुन्हा पाहिलं. मशीन चाललं आणि पुन्हा बसलं.

आता पाणी संथ झालं होतं. भरती संपत आली होती. ओहोटी लागली की होडी आपोआप उलटी फिरणार, आणि हळद पांजूला परत. मनोरमाने वाटी पदराखाली घेतली.

"काका, वल्ही कुठंयत?" तिने विचारलं.

दत्ताराम पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "मांडवाला."

"काय?"

"बांबू कमी परले. मंग वल्ही उभी केली. शिर वर ताणलाय." शिर म्हणजे शीड.

"धन्य हाय!" चंपाबाईने कपाळाला हात लावला. "होरी मांडवात आनि मांडव खारीत!"

मनोरमा इतकी हसली की तिला वाटी दोन्ही हातांनी सावरावी लागली. दत्ताराम मात्र हसला नाही. तीरावरच्या तिवरांकडे बघत म्हणाला, "पोरगी सकाळपासून उपाशी बसलीय."

मला मशीनमधलं काही कळत नाही. पण मी हिशेबनीस; हिशेब जुळेना तर आम्ही पहिल्यापासून तपासतो. मी विचारलं, "दत्ताराम, एकदा कचरा म्हणालास, मग धागा, मग प्लग. दर वेळी वेगळं कारण, तरी दर वेळी चाललं. तिन्ही वेळा तू सारखं काय केलंस?"

उत्तर चंपाबाईने दिलं. "झाकन उघरलं! दर येळी डोकावतंय, जसं काय आत सून नांदतेय!"

दत्ताराम थबकला. मग त्याची नजर रबरी फुग्याकडे गेली. तो चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. त्याने टाकीचं झाकण सावकाश फिरवलं. सुस्स करून हवा आत शिरली आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगा टुमटुमीत झाला.

त्याने झाकण उलटसुलट करून बघितलं. हवा आत जायला त्यावर बारीक भोक असतं; हवा आत गेली नाही तर रॉकेल बाहेर येत नाही. ते गुलाबी रंगाने गच्च बुजलं होतं.

"आयला! मीच नाक दाबलंय याचं!" तो ओरडला, आणि पुलापर्यंत ऐकू जाईल असा हसला. "आत्ये, पिन दे!"

चंपाबाईने अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्याने रंग टोकरला, आरपार उजेड दिसेपर्यंत भोक साफ केलं, झाकण लावलं आणि दोरी ओढली. यावेळी मशीन अडखळलं नाही. ओहोटी लागली होती, पाणी विरुद्ध होतं, तरी होडी नाक वर करून निघाली.

वरसाव्याच्या धक्क्यावर अनसूयाबाई उभ्या होत्या. "कुठं मेला होतास?" एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि मनोरमाला हाताला धरून मांडवात घेऊन गेल्या.

सुगंधाला हळद लागायला सुरुवात झाली. बायकांचं लावून झाल्यावर बापाला बोलावलं. दत्ताराम हात मागे धरून उभा. त्याने साबणाने तीनदा धुतले होते, तरी रॉकेलचा वास जाईना.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हळदीला वास लागंल."

सुगंधाने पाटावरूनच त्याचा हात ओढला आणि आपल्या गालावर ठेवला. "लाव रं बाबा. या वासावरच मोठी झालेय मी."

त्याने दोन्ही गालांना भरपूर हळद लावली, नाकालाही लावली, आणि चंपाबाईने पुढचं गाणं उचललं.