आठवा पाय

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी पाऊसच नव्हता. आई दर उन्हाळ्यात गावविहिरीजवळच्या भिंतीवर चुन्यानं बैलाएवढा कोळी काढायची, पण सातच पायांचा. आठवा पाय दिला तर तो विहिरीचं पाणी पाठीवर घेऊन गाव सोडतो, असं आमच्याकडं मानत. त्या भिंतीवर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवायला आलेल्या पेंटरनं हौसेनं राहिलेला पाय जोडून दिला.

"मुडदा बशिवला तुझा, चालता केलास की त्याला!" आई कडाडली.

महिन्याभरात विहीर आटली. आम्ही लातुरात भाड्यानं खोली केली. कोळ्याला आठच पाय असतात, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. अजूनही कोपऱ्यात कोळी दिसला की आई त्याचे पाय मोजते, आणि मुकाट्यानं बोचकं बांधायला घेते.