खांबाची सोयरीक

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या मामांनी चहा प्यायलेला नाही असं एकही घर सापडायचं नाही. मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा, माझे मामेसासरे. लग्नं जमवणं हा काही त्यांचा धंदा नव्हता, कारण त्यापायी त्यांनी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा मागून घेतलं नाही. पण गावात कुणाची मुलगी मोठी झाली की तिच्या आईबापांच्या आधी मामांची झोप उडायची. बारा महिने काखेत छत्री, डोक्याला परीटघडीची टोपी आणि कमरेला चंची, असे ते एकदा एसटीत बसले की कुठल्या गावाला उतरतील ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं. तिकीट नारायणगावचं काढायचं आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यानं घरात उपवर भाचा आहे असं सांगितलं, की त्याच्याबरोबर ओतूरला जाऊन जेवून यायचं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. माणूस कुणाचा कोण, एवढंच राहायचं. डॉक्टरला ते "आळ्याला दिलेलीचा धाकटा" म्हणत आणि सरपंचाला तोंडावर "घोडेगावकरांचं जावई" म्हणत. घरात शिरताना आधी उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला बघायचे. चपला जोडीनं असल्या की म्हणायचे, "ह्या घरात भांडण न्हाई." विखुरलेल्या दिसल्या की चहा घ्यायचे, पण स्थळ सुचवायचे नाहीत. एकदा माझ्याच दारात मुलांच्या चपला उलट्यापालट्या पडल्या होत्या. मामांनी त्या वाकून सरळ लावल्या आणि मला म्हणाले, "सूनबाई, कुणी बघितलं न्हाई." मी लाजेनं दिवसभर बाहेर आले नाही.

त्यांचा एक नेम मात्र सगळ्यांना पाठ होता. पहिल्या भेटीत कामाचं बोलायचं नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. पाऊसपाणी, गाईगुरं, सासुरवाडी, कुणाचं दुखणंखुपणं, एवढंच. तिसऱ्या भेटीला समोरच्यानं आपणहून विचारलं, की मग छत्री कोपऱ्याला टेकवायची आणि तोंड उघडायचं. म्हणूनच मामा कुणाच्या ओसरीवर बसून काहीच न बोलता चहा पिऊन गेले, की त्या घरातल्या बाया एकमेकींकडे बघून हसायच्या.

आम्ही गावातलं एकत्र घर सोडून मळ्यात नवं घर बांधलं तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. अक्षय तृतीयेला आम्ही राहायला आलो, पण घरात वीज नव्हती. भिंतीतून वायरी काढून ठेवल्या होत्या, बटणं बसवली होती, नुसती दाबून बघायला मुलांना गंमत वाटायची. मला वाटायची नाही. तिन्ही बाजूंनी ऊस दाराला टेकलेला आणि त्या वर्षी बिबट्यानं सगळ्या शिवाराला वेठीस धरलेलं. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं भर संध्याकाळी नेलं होतं. आमचा गोठा घरापासून थोडा लांब. हे टोमॅटोच्या गाड्यांबरोबर संध्याकाळी नारायणगावला जायचे आणि दिवेलागणीला धार काढायला मी एकटी. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात चरवी. उसात काही सळसळलं की माझा हात थांबायचा आणि गाय पान्हा चोरायची. मुलांना मी आतून कडी लावायला सांगून जायची आणि परत आले की ती माझा आवाज ओळखेपर्यंत दार उघडायची नाहीत. मला घरातला उजेड नको होता. गोठ्याच्या वळचणीला एक बल्ब हवा होता, बस.

वीज बोर्डाच्या ऑफिसातले साहेब जागा बघून गेले. शेजारच्या आबांच्या विहिरीपाशी लाईन संपत होती. तिथून आमच्या दारापर्यंत दोन खांब लागणार आणि त्यातला एक आबांच्या बांधावर येणार. "त्यांची संमती आणा, पुढचं आम्ही बघतो," साहेब म्हणाले. इथंच सगळं अडलं. बांध कुणी कोरला यावरून माझ्या सासऱ्यांचं आणि आबांचं जे वाजलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. हे एकदा गेले आणि आबांच्या फाटकापासूनच परत आले. मग मामांना बोलावणं धाडलं.

मामा आधी ऑफिसात जाऊन आले. साहेबांना त्यांनी मूळ गाव विचारलं. साहेब लातूरकडचे निघाले तेव्हा मामांना फार वाईट वाटलं. "मानूस चांगला हाय, पर लई लांबचा. सोयरीक लागत न्हाई कुठंच," असं ते दोन वेळा म्हणाले. मग ते आबांकडे गेले. परत आल्यावर मी दाराआडून विचारलं, "मामा, खांबाचं काय म्हणाले?"

"खांबाचं अजून काढलंच न्हाई."

"मग इतका वेळ काय बोललात?"

"त्यांच्या गाईला जुळं झालंय."

दुसऱ्या भेटीला आबांच्या घरच्या काकूंच्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. मी म्हटलं, "मामा, मला संध्याकाळची फार भीती वाटते हो." मामांनी चंचीची दोरी ओढली. "पोरी, तार आनायची म्हंजी सून आनन्यासारखं हाय. घाई केली तर जन्माची खोट. तिसऱ्या खेपेला आबा सोता इचारत्याल, बघ तू."

तिसऱ्या खेपेला मामा परत आले ते छत्री तिकडेच विसरून. पाणी मागून घेतलं, पण प्यायले नाहीत.

"घोटाळा झाला, सूनबाई."

"नाही म्हणाले?"

"मी इचारलंच कुठं! आबा नवं धोतर नेसून बसलेलं. ओतूरवरनं भावाला बोलावून घेतलेलं. कांदेपोहे. आन् ती त्यांची लेक मंगल डोक्यावर पदर घिऊन पानी घिऊन आली, माझ्या पाया पडली. आबा म्हनतात, 'मामा, आमी समजलोय. आता मोकळ्यानं बोला, स्थळ कुठलं?'"

मला हसू आलं आणि रडूही. हे तेवढ्यात घरी आले होते. ते म्हणाले, "मामा, उद्या जाऊन सरळ सांगा, खांबासाठी आलो होतो म्हणून."

मामा कधी नव्हे ते ह्यांच्यावर चिडले. "काय सांगू? पाटावर बसवलेल्या पोरीला सांगू, की बाई ऊठ, मला तुझ्या बापाच्या बांधात खड्डा पायजे? तुमचा खांब गेला खड्ड्यात!" ह्यांना तो विनोद वाटला, मामांना नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मामा निघून गेले. पुढं कितीतरी दिवस पत्ता नाही. कधी कुणी सांगायचं मंचरला दिसले, कधी कुणी सांगायचं आळेफाट्याला हॉटेलात बसले होते. आमच्या खांबाचं नावही कुणी काढत नव्हतं. मी कंदिलाची काच रोज दोनदा पुसायला लागले होते. एका संध्याकाळी गोठ्यामागं बिबट्याचा वास आला आणि गाईनं दावं तोडलं. मी चरवी तिथंच टाकून घरात पळाले. त्या दिवशी मला मामांचा खरोखर राग आला.

मग मामा उगवले ते थेट आबांच्या ओसरीवर. मुलगा आंबेगाव तालुक्यातला, आळेफाट्याला स्वतःचं गॅरेज, घरच्या चपला जोडीनं. बघणं झालं, पसंती झाली, सुपारी फुटली. या सगळ्यात मामांनी खांबाचा ख काढला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता तर मुळीच न्हाई. पोरीच्या लग्नावर खांब ठेवला म्हनतील लोक."

आणि एके दिवशी भर दुपारी आबाच बांध ओलांडून आमच्या दारात. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. ते बाहेरच उभे राहून म्हणाले, "कुनी हाय का? ह्ये बगा, मांडव माझ्या खळ्यात. पर वऱ्हाड उतरवायला जागा न्हाई. तुमचं नवं घर जानवशाला द्याल का?" हे म्हणाले, "आबा, घर तुमचंच. पण लाईट नाही."

"लाईट न्हाई?" आबा बघतच राहिले. "येवढं घर बांधलं आन् लाईट न्हाई? आवो, मग घ्या की!"

"खांब तुमच्या बांधावर येतोय."

"मग येऊ द्या! पावण्यांना काय अंधारात उतरवता? काय मानसं हाईत राव!"

लगेच त्यांनी कागदावर सही करून दिली. खांब आले त्या दिवशी मामा छत्री उघडून बांधावर उभे होते. एका खांबाकडे डोळे बारीक करून म्हणाले, "उंचीला बरा हाय, पर उभं राहताना जरा खांदा पाडतोय. सरळ करा, दोन घरांच्या मधी उभा राहायचाय त्याला." वायरमननं खरंच पुन्हा माती काढून तो सरळ केला. त्या संध्याकाळी गोठ्याच्या वळचणीला बल्ब लागला. गाय दचकून उजेडाकडे बघत राहिली. मुलं दार उघडं टाकून माझ्या मागं आली. धार काढताना माझा हात थांबला नाही.

लग्न दुपारी लागलं. वऱ्हाड आमच्याकडे उतरलं होतं, मी दिवसभर पाणी आणि चहा करत होते. पाठवणीला दिवस मावळला. मंगल आईच्या गळ्यात पडली, आबा खांबाला धरून उभे राहिले. मामा कुठं दिसेनात. बाया म्हणाल्या, "ते कधीच नसतात पाठवणीला. दुसरं स्थळ बघायला पळाले असतील."

मी गाईला वैरण टाकायला गोठ्याकडे गेले तर मामा मागच्या दगडावर बसलेले. टोपी मांडीवर, उपरणं डोळ्यांना लावलेलं. वरून बल्बचा उजेड थेट त्यांच्या डोक्यावर पडत होता. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, केस अगदीच विरळ होते. मी पदर सारखा करून मागं फिरणार, तोच ते म्हणाले, "सूनबाई, येवढा दिवा मालव गं. थोडा येळ."

मी बटण दाबलं. अंधारात ऊस सळसळत होता. मी तिथंच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले. मंगलची जीप बांधाच्या वाटेनं हळूहळू गेली, रस्त्याला लागली, फाट्याकडे वळली. तिचा आवाज पुरता ऐकू येईनासा झाला, तरी मी दिवा लावला नाही.