लोहडीची उरलेली बंबफोड

बाबा गुरुग्रामला राहायला आले ते तांब्याचा बंब मांडीवर घेऊन. रेल्वेत लोकांनी त्याला तोफ समजून अख्खं बाकडं मोकळं करून दिलं. घरी पोचल्यावर त्यांनी गिझरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि निकाल दिला, "हे तापलेलं नाही, नुसतं चिडलंय." बंबाचं पाणी मिळालं तर राहतो, नाही तर संक्रांत झाली की परत साताऱ्याला. आई गेल्यापासून तिथे ते एकटेच. मला ते इथे हवे होते.

मी मोबाइलवरून लाकूड मागवलं. आलं ते रिबीन बांधून, एका मापाचं, गुळगुळीत. बंबाच्या नळीत एक ओंडका शिरेल तर शपथ.

"हे लाकूड आहे की तुझा मॅनेजर?" बाबा म्हणाले. "दिसायला भारी, कामाच्या वेळी आडवं. अरे, बंबाला फोड लागते. मुठीएवढी, वेडीवाकडी."

तेवढ्यात लोहडी आली, इकडची संक्रांतीआधीची शेकोटी. सोसायटीच्या अध्यक्षांनी लॉनवर एवढं लाकूड जाळलं की चंदीगडात लोकांनी स्वेटर काढले म्हणे. सरळसोट ओंडके आगीत गेले. गाठी, फाटे, सालपटं, ढलप्या कोपऱ्यात पडून राहिल्या, कारण फोटोत त्या बऱ्या दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सामानाच्या ट्रॉलीत भरून आम्ही त्या वर नेल्या. लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, "अंकल, फर्निचर?"

"बिल्कुल," बाबा म्हणाले. "इटालियन."

बाल्कनीत बंब पेटला. बाबा न्हाऊन बाहेर आले ते इतके तरुण होऊन, की बायकोने डोक्यावर पदर घ्यावा का, असा विचार केला. पदर नव्हता, ट्रॅकसूट होता.

धूर मात्र समोरच्या टॉवरवर गेला. अध्यक्ष नाकाला मास्क लावून दारात हजर.

"अंकलजी, प्रदूषण का तो सोचिए. बाल्कनी में आग अलाउड नहीं है."

"और लोहडी?"

"वो अलग बात है. धार्मिक कार्य को कौन रोकेगा?"

मला बाबांची भरलेली बॅग दिसायला लागली. मग त्यांनी पंचा सारखा केला आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, "हमारा स्नान भी धार्मिक है. उसके बाद संध्या. अग्नि के बिना होता नहीं."

माझ्या वडिलांचं आयुष्य कामगार युनियनमध्ये गेलं. घरच्या सत्यनारायणाला ते मागच्या दाराने सटकायचे आणि प्रसादाला पुढच्या दाराने यायचे.

अध्यक्षांनी हात जोडले. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. प्रदूषणाला मत नसतं.

बाबा राहिले. ढलप्या होळीपर्यंत पुरतील, आणि होळीला नव्या उरतीलच. अडचण एवढीच, की अध्यक्षांची बाल्कनी आमच्या अगदी समोर आहे आणि रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन तिथे उभे असतात. त्यामुळे बाबांना रोज न्हाऊन, ओल्या पंचात, थंडीत कुडकुडत मांडी घालून बसावं लागतं. डोळे मिटतात, नाक धरतात, ओठ हलवत राहतात.

एकदा टॉवेल वाळत घालायच्या निमित्ताने जवळ जाऊन मी ऐकलं. युनियनच्या जुन्या घोषणा चालल्या होत्या, मालकाच्या नावासकट.

समोरून अध्यक्षांनी भक्तिभावाने नमस्कार केला.